करंजाच्या तेलावरची गाडी

गाडी चढाला बंद पडली तर ड्रायव्हर शिव्या देतो, पण चौकात उभ्या उभ्या बंद पडली तर तो शरमतो. हे मला वयाच्या मानानं फार लवकर कळलं, कारण आमचं घर म्हणजे इंदापुरात हायवेला लागून असलेलं अब्बांचं गॅरेज आणि त्याच्या पाठीमागच्या दोन खोल्या. पुढं पत्र्याखाली ट्रकच्या डिझेल पंपाची आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलची कामं चालायची, मागं आमचा संसार, आणि मधे गोणपाटाचा पडदा. अम्मी तो पडदा दर आठवड्याला धुवायची आणि दुसऱ्याच दिवशी त्याला पुन्हा डिझेलचा वास यायचा. आमच्या भाकरीला तो वास होता, उशीला होता, माझ्या वह्यांना होता. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "मुलाण्यांच्या रेहानाची वही मी डोळे मिटून ओळखते." वर्ग खिदळायचा आणि माझं टाळकं सरकायचं. ते अजूनही सरकतं. वय झालं की माणूस शांत होतो म्हणतात, ते माझ्या बाबतीत तरी साफ खोटं आहे.

अब्बांचं सगळं काम कानावर चालायचं. नोझल टेस्टरला लावून हँडल दाबलं की 'चिर्र' असा आवाज निघायचा. चांगल्या नोझलचा चिर्र कोरडा, बिघडलेल्याचा ओला. मी आतल्या खोलीत पाट्यावर मिरची वाटता वाटता ओरडायचे, "ओला हाय, अब्बा!" आणि पडद्यापलीकडून उत्तर यायचं, "गप बस, मला बी कान हायत." चालू इंजिनाला ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. तेवढा वेळ गॅरेजमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही पाहिजे. त्यांना सही करता यायची, वाचता येत नव्हतं. पण सोलापूर रोडवरचे ड्रायव्हर कुठला बोर्ड वाचून आमच्याकडे थांबत नसत, मुलाणी मिस्त्री म्हणून थांबत.

त्यात एका गोष्टीसाठी त्यांचं फार नाव होतं, ती म्हणजे साबणाचा जॉइंट. टाकीच्या नाहीतर पाइपाच्या जॉइंटचे आटे झिजले आणि नवा भाग पुण्याहून यायला वेळ असला, की अब्बा कपडे धुवायचा पिवळा साबण चाकूनं खरवडायचे, बोटांत मळायचे, आट्यांत भरायचे आणि वरून पाना आवळायचे. डिझेलमध्ये साबण विरघळत नाही, त्यामुळं असा जॉइंट वर्षानुवर्षं थेंब गाळत नसे. हायवेवर हे सगळेच करायचे, पण अब्बांसारखं कुणाला जमत नाही असं सगळ्यांचं म्हणणं होतं आणि अब्बांचंही तेच होतं. मोरीतली वडी अर्धी झालेली दिसली की अम्मी पडद्याआडून कडाडायची, "अवं, कापडं कशानं धुवू आता? तुमच्या डिझेलनं?"

बारावी सायन्सला मी बारामतीला मावशीकडे राहिले. तिथं आम्हाला केमिस्ट्री शिकवायला पाठक सर होते. किडकिडीत माणूस, शर्टावर ॲसिडची भोकं, आणि घराच्या अंगणात दोन मोठी पिंपं. करंजाच्या बियांचं तेल ते घाण्यावरून आणायचे, त्यात मेथॅनॉल म्हणजे एक जातीचं स्पिरिट आणि कॉस्टिक सोडा घालायचे, ढवळायचे आणि ठेवून द्यायचे. खाली काळपट चिकट थर बसायचा आणि वर सोनेरी, पातळ तेल यायचं. ते तेल डिझेलच्या जागी चालतं, असं सरांचं म्हणणं. आता बायोडिझेल म्हटलं की कुणीही जाणत्यासारखी मान हलवतं, तेव्हा गल्लीतले लोक सरांना सरळ चक्रम म्हणायचे. सरांच्या पत्नी सांगायच्या, "लोकांच्या अंगणात तुळस असते, आमच्याकडं पिंप आहे." कॉलेजातल्या लहान इंजिनवर सरांचं तेल झकास चाललं होतं. पण ट्रकवर चालवून बघायला त्यांना कुणी गाडी देईना. मी एक दिवस ताडकन् म्हणाले, "सर, माझे अब्बा बघतील." अब्बांना विचारलं होतं का? छे! माझा स्वभावच तसा.

परीक्षा संपली आणि सुट्टीला घरी आले ते सरांना बरोबर घेऊनच. अब्बांनी तेलाची बाटली उन्हात धरली, दोन थेंब बोटांवर चोळले, वास घेतला आणि एवढंच विचारलं, "गाडी कोण देणार?" गाडी दिली महादूतात्यांनी. तात्या काटेवाडीकडचे. त्यांच्या वडलांच्या वेळेपर्यंत घरात मेंढरं होती, तात्यांच्या वेळेला मेंढरं गेली आणि एक जुना ट्रक आला. पण तात्यांची सवय गेली नव्हती, ते ट्रकला हाकारल्यासारखंच बोलायचे. त्यांच्या बांधावर करंजाची झाडं होती आणि सर त्यांच्याकडूनच बिया न्यायचे. "आमच्याच झाडाचं खाऊन आमची गाडी पळणार आसंल तर पळू दे की," म्हणाले. अब्बांनी टाकी उतरवून धुतली, परत बसवली, सगळे जॉइंट आवळले आणि सरांचं तेल भरलं.

आठ-दहा दिवस गाडी अशी पळाली की विचारू नका. धुराला भजी तळल्याचा वास. चौकातून ट्रक गेला की हॉटेलवाला उगाच आपल्या कढईकडं वळून बघायचा. सरांनी मला बारामतीहून कार्ड टाकलं, त्यात फक्त 'उत्तम' असा एक शब्द होता. आणि मग गाडी स्लोला बंद पडायला लागली. पळताना काही नाही, भरल्या मालानं चढ चढताना काही नाही. पण फाटकाशी, चौकात, हॉटेलसमोर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की दोन-चार हिसके द्यायची आणि गप्प. तात्या म्हणाले, "मिस्त्री, पळतीय घोडीवानी, पर हुबी केली की मान टाकतीय बघा."

अब्बांनी काय काय केलं नाही? फिल्टर बदलला. सरांच्या तेलानं टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटला होता, तो फिल्टरमध्ये येऊन बसला होता, म्हणून आठवड्यात पुन्हा बदलला. नोझल काढून तपासले, एकूण एक कोरडा चिर्र. स्लोचा स्क्रू वाढवला. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी गाडी ऐन इंदापूरच्या बाजारात बंद पडली आणि मागं एसटी अडकून बसली. त्या दिवशी अब्बांनी हात पुसत भर गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर निकाल दिला. "तेल जड हाय. माज्या कामात खोट न्हाय, तेलात हाय." अब्बांनी इंदापुरात बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत भिगवणच्या हॉटेलांत पोचायचा, तसा तो पोचला.

सर आले, ऐकून घेतलं. वाद घालतील, रागावतील असं मला वाटत होतं. ते नुसते म्हणाले, "मिस्त्री म्हणतायत म्हणजे असेल. त्यांचा हात माझ्यापेक्षा जाणता आहे." मग माझ्याकडं वळून सांगितलं, की बारामतीतला एक साबणवाला ते तेल घ्यायला तयार आहे, रविवारी सकाळी त्याचा टेम्पो येईल. "दोन्ही पिंपं देऊन टाकतो. मग अंगण मोकळं. पुरे झालं आता." चार वर्षं त्या माणसानं पिंपांत काढली होती, आणि ती माझ्या बापाच्या एका वाक्यावर संपणार होती. मला रडू आलं नाही, संताप आला. कारण मला ते वाक्य पटलेलं नव्हतं. तेल जड असतं तर गाडी सकाळी थंड इंजिन चालू होताना अडली असती, चढाला दमली असती. ती तर फक्त उभी असताना मरत होती, आणि टाकी अर्धी झाली की जास्त. मी हे अब्बांना सांगायला गेले. ते म्हणाले, "पुस्तक मिट आनि च्या टाक."

शुक्रवार उजाडला. दुपारी अब्बा जुम्म्याच्या नमाजला गेले आणि तात्या गाडी घेऊन गॅरेजसमोर बसून होते. शेजारी बांधकाम चालू होतं. गवंडी पाणसळीला वापरतात ती पारदर्शक नळी मी त्यांच्याकडून हातभर मागून आणली. टाकीतून पंपाकडं जाणारा पाइप सोडवून मधे ती नळी बसवली. तात्या पुटपुटले, "पोरी, मिस्त्री मारंल तुलाबी आनि मलाबी." मी म्हटलं, "तात्या, तुमी फक्त चावी फिरवा." रेसला नळीतून सोन्यासारखी धार सलग चालली होती. पाय काढला आणि धारेत मोहरीएवढे बुडबुडे दिसायला लागले. मोहरीचे वाटाणे झाले, वाटाणे जुळून बोटभर पोकळी झाली, पंपानं ती गिळली आणि इंजिन थांबलं. तात्या खाली उतरून बघतच राहिले. "आयला! ही तर हवा पितीय!"

हवा कुठून येते हा पुढचा प्रश्न. मी टाकीचा पाइप बाजूला ठेवला आणि नळीचं टोक सरळ एका कॅनमध्ये सोडलं. कॅनमध्ये सरांचंच तेल. गाडी स्लोला लावली. तात्यांनी विडी पेटवली, सावकाश ओढली, विझवली, दुसरी पेटवली. गाडी हूं की चूं न करता चालत होती. तेल तेच, पंप तोच, नोझल तेच. वगळली होती ती फक्त टाकी. मग मी पाना घेऊन टाकीच्या डोक्यावरचा, तेल ओढून घेणाऱ्या पाइपाचा जॉइंट खोलला. आटे धुतल्यासारखे लख्ख. बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं, बस. टाकी परत बसवताना अब्बांनी तिथं भरलेला साबण गायब होता. स्पिरिटात साबण विरघळतो हे मी स्वतःच्या हातानं प्रॅक्टिकलला केलं होतं, आणि सरांच्या तेलात थोडं स्पिरिट राहिलेलं असणार. जॉइंट टाकीच्या वर, त्यामुळं थेंब बाहेर पडत नव्हता आणि कुणाचं लक्ष जात नव्हतं. तेल बाहेर येत नव्हतं, हवा मात्र आत जात होती, आणि टाकी अर्धी झाली की पंपाची ओढ वाढून आणखीच. रेसला पंप इतक्या जोरात तेल ओढायचा की ती हवा तेलाबरोबर निघून जायची, स्लोला ती साचायची. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण खोट अब्बांच्या हातात निघाली होती.

अब्बा आले ते चार-पाच जणांबरोबर गप्पा मारत. आजची मी असते तर त्यांना पडद्याआड बोलावून हळूच सांगितलं असतं. आता माझं स्वतःचं दुकान आहे, तिथं माझ्या हाताखालच्या माणसाची चूक निघाली तर मी गिऱ्हाइकासमोर चकार शब्द काढत नाही. पण तेव्हा मी अठराची होते आणि साबणवाल्याचा टेम्पो डोळ्यांसमोर होता. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अब्बा, तेलात खोट न्हाय. तुमचा साबण विरघळलाय. तितनं हवा शिरतीय."

अब्बा म्हणाले, "साबण आज लावतोय व्हय मी? तुजा जल्म व्हायच्या आधीपास्नं लावतोय."

"डिझेलमदी ऱ्हातो. ह्या तेलात न्हाय ऱ्हात."

"बारावीचा निकाल लागला न्हाय अजून, आनि बापाला शिकवाया लागली! जा आत. भाकऱ्या कर."

लोक हसले. तात्यांनी तोंड उघडलं, अब्बांचा चेहरा बघून परत मिटलं. मी आत गेले आणि पिठाच्या परातीत ढसाढसा रडले. सांगायला लाज कशाची? अम्मी सगळं ऐकत होती. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, तो तिचा स्वभाव नव्हता. तिनं चुलीवरचं चिलापीचं कालवण उतरवलं आणि म्हणाली, "खरं बोललीस. पर बापाला उघडं पाडलंस चारचौघात. आता दोन्ही सोस." त्या दिवशी संध्याकाळी अब्बांनी ताट पुढं सरकवलं. भिगवणची ताजी मासळी, अम्मीच्या हातचं वाटण, आणि त्यांनी भाकरीचा तुकडासुद्धा मोडला नाही.

शनिवारी सकाळी मी झाडून काढायला पुढं गेले, तर त्यांच्या कामाच्या टेबलावर काचेच्या दोन बाटल्या ठेवलेल्या. एकीत डिझेल, एकीत सरांचं तेल, आणि दोन्हींत साबणाचा सारखाच खरवडा. डिझेलमधला साबण टाकला तसाच तळाशी पडून होता. सरांच्या तेलातला पाघळून तेल गढूळ झालं होतं. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं त्या माझ्या अब्बांनी, कुणाला न सांगता, आमच्या लॅबमध्ये करतात तसा प्रयोग मांडला होता. ते मागं येऊन कधी उभे राहिले कळलं नाही. बाटल्यांकडं बघत म्हणाले, "हात लावू नको. बघू दे मला अजून." दुपारी त्यांनी तो जॉइंट लेथवाल्याकडं नेऊन नवे आटे पाडून आणले, तांब्याचा नवा वायसर घातला आणि आवळला.

रविवारी सकाळी तात्या गाडी घेऊन हजर. अब्बा धुतलेला शर्ट घालून निघाले आणि पडद्याकडं बघून म्हणाले, "रेहाना, चल." केबिनमध्ये मी मधे, एकीकडं तात्या, एकीकडं अब्बा. भिगवणला त्यांनी गाडी थांबवायला लावली, ड्रायव्हर लोक जिथं जेवायला थांबतात त्या हॉटेलसमोर. "तात्या, बंद करू नका. स्लोला ऱ्हाऊ द्या." खाली उतरले आणि बाकड्यांसमोर उभे राहून, कुणी काही विचारायच्या आत, मोठ्यानं म्हणाले, "म्या तेलाला नाव ठिवलं हुतं. तेल साफ हाय. साबण माजा चुकला. पोरीनं धरला." कुणीतरी म्हणालं, "आसू द्या वो मिस्त्री, एवढं काय!" अब्बा म्हणाले, "एवढंच सांगायचं हुतं. आता पुढं सांगा." आणि चहा न घेता परत गाडीत बसले. माझा हात त्यांच्या हाताशेजारीच होता, पण धरायचा धीर झाला नाही.

बारामतीत सरांच्या दारात टेम्पो उभा. एक पिंप वर चढलं होतं, दुसरं दोघं जण आडवं करून लोटत होते. अब्बा गाडी थांबायच्या आधीच उतरले. "थांबा! हात काढा त्या पिंपावरनं!" साबणवाला चक्रावला. सर पंच्यानं हात पुसत बाहेर आले. गाडी दारात स्लोवर चालू होती, तिचा आवाज सगळ्या गल्लीत, आणि त्या आवाजावर आवाज चढवून अब्बांनी भिगवणला सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. साबण कुठं होता, कसा गेला, हवा कशी शिरली. बाटल्यांचंसुद्धा सांगितलं.

सर बराच वेळ इंजिन ऐकत राहिले. मग हसून म्हणाले, "मिस्त्री, स्पिरिट राहिलं ही माझीही चूक. तेल पाण्यानं धुवून ते काढायला मी कमी पडलो. अर्धी चूक माझी धरा."

"न्हाय, सर," अब्बा म्हणाले. "पुढल्या टायमाला तेल चांगलं धुवा. पर ह्यातली अर्धी मी तुमाला द्यायचो न्हाय. तपासायच्या आधी चारचौघात तुमच्या तेलाला नाव ठिवलं म्या. ही अख्खी माजी हाय."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. टेम्पोवाल्याला म्हणाले, "उतरवा ते पिंप. माफ करा, तेल देता येत नाही." सरांच्या पत्नी दारातून म्हणाल्या, "झालं! अंगण पुन्हा गेलं." आणि चहाला आत वळल्या. मला माझ्या बापाचा इतका अभिमान वाटला की मी मूर्खासारखी इंजिनाच्या फिरत्या पंख्याच्या पट्ट्याकडं बघत उभी राहिले. गाडी चालूच होती. चहा झाला, सरांनी वहीत काहीबाही लिहून घेतलं, तात्यांच्या दोन विड्या झाल्या, तरी ती चालूच.

शेवटी अब्बांनी माझ्याकडं बघितलं. शुक्रवारनंतर पहिल्यांदा नीट बघितलं. "रेहाना," म्हणाले, "चढ वर. बंद कर गाडी, आता ती आपसूक बंद पडायची न्हाय."

मी ड्रायव्हरच्या सीटवर चढले आणि स्टॉपची तार ओढली.